सॅमन मासा : परतीच्या वाटेवर शरीरात काय काय बदलतं?

मातृदिन जवळ आला की पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मेसेज फिरू लागतो. सॅमन नावाची मासोळी अंडी घालते, पिल्लं बाहेर येतात, त्यांना खायला काही नसतं, म्हणून आई स्वतःचं मांस त्यांना खाऊ देते आणि शेवटी तिचा नुसता सांगाडा उरतो. खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. परिपाठात बोधकथा म्हणूनही ही गोष्ट सांगितली जाते. ऐकताना वर्ग शांत होतो हे खरं, पण गोष्ट खरी नाही. सॅमनची पिल्लं अंड्यातून बाहेर येतात तेव्हा त्यांच्या आईला जाऊन काही महिने झालेले असतात.

तरीही हा मासा मुलांना शिकवावा असं मला फार वाटतं. कारण त्या मेसेजपेक्षा खरी हकीकत जास्त थक्क करणारी आहे. शिवाय परासरण, संप्रेरकं, पचन, श्वसन, अनुकूलन असे आपल्या विज्ञानाच्या पुस्तकात वेगवेगळ्या पाठांत विखुरलेले मुद्दे या एका माशात एकत्र भेटतात.

आधी नावाचा घोळ मिटवू. मुंबईच्या मासळीबाजारात किंवा हॉटेलच्या मेनूवर ज्याला 'इंडियन सॅमन' म्हणतात तो आपला रावस. चवीला उत्तम, पण सॅमनच्या कुळाशी त्याचा काही संबंध नाही. खरे सॅमन उत्तर गोलार्धातल्या थंड पाण्याचे. (काही पुस्तकांत 'सॅल्मन' छापलेलं असतं, स्पेलिंगमध्ये एल आहे, उच्चारात नाही.) त्यांच्या अनेक जाती आहेत आणि सगळ्यांची कहाणी सारखी नाही. म्हणून इथे मी एकच जात आणि एकच नदी घेते : कॅनडाच्या पश्चिमेकडची फ्रेझर नदी आणि तिच्यातला सॉकआय सॅमन. या नावाचा इंग्रजीतल्या 'आय'शी, म्हणजे डोळ्याशी, संबंध नाही. फ्रेझरच्या खालच्या खोऱ्यातल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतल्या शब्दाचा तो अपभ्रंश आहे, आणि मूळ शब्दाचा अर्थ 'लाल मासा' असा सांगतात.

फ्रेझर रॉकी पर्वतात उगम पावते आणि सुमारे १,३७५ किलोमीटर वाहत येऊन व्हँकुव्हर शहराजवळ समुद्राला मिळते. तिच्या खोऱ्यात, समुद्रापासून जवळपास ५०० किलोमीटर आत, ॲडम्स नावाची एक छोटी नदी आहे. ऑक्टोबरमध्ये तिचा तळ लाल माशांनी झाकून जातो. दर चार वर्षांनी तर ही गर्दी कैक पटींनी वाढते. २०१०, २०१४, २०१८, २०२२ ही अशी भरतीची वर्षं. हे मासे याच नदीच्या गोट्यांत जन्मलेले असतात. पहिलं वर्ष ते शेजारच्या शुस्वाप तळ्यात काढतात, मग नदीतून खाली समुद्रात जातात, साधारण दोन वर्षं प्रशांत महासागरात खाऊन-पिऊन अडीच-तीन किलोचे होतात आणि आयुष्याच्या चौथ्या वर्षी परत फिरतात.

परत फिरतात म्हणजे नेमकं काय होतं? आपण सहसा 'प्रवाहाविरुद्ध पोहतात, उड्या मारतात' एवढ्यावर थांबतो. पण पोहणं हा त्यातला दिसणारा भाग झाला. खरी उलथापालथ आत चाललेली असते.

सुरुवात मिठापासून करू, कारण हा भाग स्वयंपाकघरात दाखवता येतो. लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवलं की थोड्या वेळाने पातेल्यात पाणी सुटतं. उलट, मनुका साध्या पाण्यात टाकल्या की टम्म फुगतात. दोन्हीकडे परासरणच. आता कैरीच्या जागी मासा ठेवा. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात आणि सॅमनच्या रक्तातलं क्षारांचं प्रमाण याच्या जेमतेम एक तृतीयांश असतं. म्हणजे समुद्रातला सॅमन हा मीठ लावलेली कैरी असतो. पाण्यात राहूनही त्याच्या अंगातलं पाणी सतत बाहेर ओढलं जातं. म्हणून तो समुद्राचं पाणी पितो, लघवी अगदी थोडी करतो आणि पाण्याबरोबर आलेलं जादा मीठ कल्ल्यांमधल्या खास पेशींमार्फत बाहेर फेकतो.

नदीत शिरल्यावर हाच मासा मनुका होतो. आता बाहेरचं पाणी आत घुसू पाहतं आणि अंगातले क्षार बाहेर झिरपू लागतात. त्यामुळे सगळा कारभार उलटा करावा लागतो : पाणी पिणं बंद, मूत्रपिंडांनी भरपूर आणि पातळ लघवी तयार करायची, आणि कल्ल्यांनी मीठ फेकायचं सोडून पाण्यातले तुटपुंजे क्षार आत ओढायचे. कल्ल्यांच्या पेशींत सोडियम-पोटॅशियमचा पंप म्हणून काम करणारं जे प्रथिन असतं, त्याची समुद्रासाठी एक आवृत्ती आणि गोड्या पाण्यासाठी दुसरी अशी विभागणी सॅमनमध्ये सापडली आहे. मला यातला सर्वांत नवलाचा भाग वाटतो तो असा : ही अदलाबदल नदीत पोचल्यावर सुरू होत नाही. मासा अजून खाऱ्या पाण्यातच असतो, तेव्हाच त्याचे कल्ले गोड्या पाण्याची तयारी करू लागतात. दिवसाची लांबी आणि शरीरात वाढणारी संप्रेरकं यांच्या तालावर हे चालतं. मुलांना विचारून बघा, पुढच्या महिन्यातल्या हवेसाठी आपलं शरीर आजच बदललेलं कधी अनुभवलंय का.

दुसरा मोठा बदल म्हणजे जेवण बंद. नदीच्या मुखाशी आल्यावर सॉकआय खाणं सोडतो ते कायमचं. नुसतं खात नाही असं नाही. त्याची अन्ननलिका, जठर, आतडं आक्रसत जातं. 'सर, मग वाटेत भूक लागली तर?' हा प्रश्न पाचवीतलं पोरही विचारतं, आणि प्रश्न अगदी बरोबर आहे. उत्तर असं की यापुढचा सगळा खर्च समुद्रातून बांधून आणलेल्या शिदोरीवर चालायचा. पोहण्याचा खर्च, नव्या पाण्यात क्षार सांभाळण्याचा खर्च, नवा जबडा घडवण्याचा, जोडीदारासाठी भांडण्याचा, तळ खोदण्याचा, आणि माद्यांच्या बाबतीत सर्वांत मोठा म्हणजे अंडी भरण्याचा. समुद्र सोडताना मादीच्या पोटातली अंडी बरीच लहान असतात. मुक्कामी पोचेपर्यंत अंडाशयाचं वजन तिच्या एकूण वजनाच्या सुमारे पाचव्या भागापर्यंत जातं. खाणं तर बंद आहे; मग हे सगळं येतं कुठून? तिच्या स्वतःच्या स्नायूंतून.

फ्रेझरच्या स्टुअर्ट शाखेकडे जाणारे सॉकआय हजार किलोमीटरहून जास्त पोहतात. १९५० च्या दशकात वाटेत जागोजागी हे मासे पकडून त्यांच्या अंगातली चरबी आणि प्रथिनं मोजली गेली. अंडी घालून होईपर्यंत नदीत शिरताना असलेल्या चरबीपैकी ९० टक्क्यांहून अधिक संपलेली होती. चरबी आटल्यावर स्नायूंतली प्रथिनं जाळायला सुरुवात होते, आणि माद्यांमध्ये तर निम्म्याच्या आसपास प्रथिनं खर्ची पडतात. गंमत म्हणजे मासा बाहेरून तितका रोडावलेला दिसत नाही, कारण रिकाम्या झालेल्या जागेत पाणी भरतं. समुद्रातल्या सॉकआयचं मांस घट्ट आणि गडद केशरी असतं. ॲडम्सला पोचलेल्या माशाचं मऊ आणि फिकट.

तो केशरी रंग गेला कुठे? हा धागा मुलांना फार आवडतो. कोळंबी कच्ची असताना राखाडी दिसते आणि शिजली की लाल होते हे घरोघरी पाहिलेलं असतं. कोळंबीच्या कवचात ॲस्टॅझँथिन नावाचं रंगद्रव्य एका प्रथिनाला बांधलेलं असतं. उष्णतेने ते प्रथिन मोडतं आणि रंग मोकळा होतो. सॅमन समुद्रात कोळंबीची बारीक भावंडं खातो आणि तेच रंगद्रव्य त्याच्या स्नायूंत साठतं. (मत्स्यशेतीतल्या सॅमनला हे खाद्य मिळत नाही म्हणून त्याच्या खाद्यात ॲस्टॅझँथिन मिसळतात, नाहीतर मांस पांढुरकं राहील.) परतीच्या वाटेवर स्नायू वापरले जातात तसा त्यांतला रंग सुटतो आणि कातडीत व अंड्यांत जाऊन बसतो. चंदेरी-निळा मासा लालबुंद होतो, डोकं मात्र हिरवं. म्हणजे ॲडम्सच्या काठावर उभं राहून पर्यटक ज्या लाल रंगाचे फोटो काढतात, तो माशाच्या आतून बाहेर आलेला रंग आहे.

नराचं रूप तर ओळखू येणार नाही इतकं पालटतं. पाठीवर कुबड येतं, जबडा लांबून पुढे आकड्यासारखा वळतो, दात मोठे होतात. उपाशी प्राणी नवं हाड घडवतोय, हे जरा थांबून लक्षात घ्यायला हवं. दुसरीकडे कातडी जाड होते आणि तिच्यात रुतलेल्या खवल्यांच्या कडा विरघळू लागतात. त्यांतली खनिजं शरीर परत घेतं. घराचे पत्रे काढून त्याच घराचा दरवाजा मजबूत करावा, तसा हा प्रकार.

डोळेही बदलतात. समुद्रात निळा प्रकाश जास्त, नदीच्या गढूळ पाण्यात लालसर. डोळ्याच्या पडद्यातलं रंगद्रव्य अ जीवनसत्त्वापासून बनतं, आणि नदीत येताना सॅमन त्या जीवनसत्त्वाचा एक प्रकार बाजूला ठेवून दुसरा वापरू लागतो, त्यामुळे तांबड्या बाजूचा प्रकाश त्याला जास्त चांगला दिसतो.

वाट सापडण्याबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. भर समुद्रात पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र उपयोगी पडतं. फ्रेझरच्या तोंडाशी येताना व्हँकुव्हर बेटाला उत्तरेकडून वळसा घालायचा की दक्षिणेकडून, हे दरवर्षीचं प्रमाण चुंबकीय क्षेत्रातल्या बारीक बदलांशी जुळतं, असं ५६ वर्षांच्या नोंदींवरून २०१३ मध्ये दाखवलं गेलं. नदीत आल्यावर मात्र नाक. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाचे आर्थर हॅसलर यांनी १९५० च्या दशकात कोहो जातीच्या सॅमनच्या नाकपुड्या बंद करून त्यांना दोन प्रवाहांच्या संगमाखाली सोडलं. नाक उघडं असलेले मासे बहुतेक आपापल्या प्रवाहात गेले. नाक बंद केलेल्यांचा गोंधळ उडाला. लहानपणी समुद्राकडे जाताना घेतलेला वास तीन वर्षं लक्षात राहतो.

आता मृत्यूकडे येऊ. प्रशांत महासागरातला सॉकआय अंडी घातल्यावर आठवडा-दोन आठवड्यांत मरतो. नरही आणि मादीही. 'दमून मरतो' हे उत्तर आपण पटकन देतो. पण अटलांटिक महासागरातला सॅमनही उपाशीपोटी नद्या चढतो, अंडी घालतो, आणि त्यातले काही समुद्रात परत जाऊन पुन्हा येतात. म्हणजे नुसती दमणूक पुरेशी नाही.

इथे ऑस्वल्ड रॉबर्ट्‌सन या डॉक्टरांची आठवण काढायला हवी. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, रक्त आधी साठवून ठेवून जखमी सैनिकांना देण्याची सोय उभी करणारे हेच. उतारवयात ते सॅमनच्या अभ्यासाकडे वळले. सॉकआयचीच एक जात समुद्रात न जाता आयुष्यभर तळ्यात राहते, तिला 'कोकनी' म्हणतात. (नाव ऐकून आपल्याकडचं कोणी वाटेल, पण नाही.) रॉबर्ट्‌सन यांनी काही कोकनी माशांची जननग्रंथी, ती वाढायला लागण्याआधीच, शस्त्रक्रियेने काढून टाकली. त्यांच्याबरोबरचे मासे चौथ्या वर्षाच्या सुमारास अंडी घालून मेले. शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी काही आठ वर्षांपर्यंत जगले. हा निष्कर्ष १९६१ साली प्रसिद्ध झाला.

यातला दुवा कॉर्टिसॉल या संप्रेरकाचा. आपल्याही शरीरात ते असतं. ताणाच्या वेळी साठवलेली ऊर्जा मोकळी करणं हे त्याचं काम. परतणाऱ्या सॉकआयमध्ये ते बनवणाऱ्या पेशी बेसुमार वाढतात आणि रक्तातलं कॉर्टिसॉल नेहमीच्या कित्येक पट होतं. उपाशी माशाला स्नायू जाळून ताकद मिळते ती याच्याच मदतीने. पण त्याच वेळी रोगप्रतिकारशक्ती ढासळते, जखमा भरत नाहीत, कातडीवर बुरशीचे पांढरे चट्टे उमटतात, अवयव एकेक करून निकामी होतात. मोहीम पार पाडणारं आणि मारणारं रसायन एकच.

मादी ॲडम्सच्या तळाशी शेपटीने गोटे उडवून खड्डा करते, त्यात काही अंडी घालते, नर त्यावर शुक्राणू सोडतो, मग ती गोटे लोटून खड्डा बुजवते आणि जरा वर सरकून पुढचा खड्डा घेते. एकूण अंडी साधारण साडेतीन ते चार हजार. त्यांतून चार वर्षांनी सरासरी दोनच मासे परततात. अंडी घालून झाल्यावर मरेपर्यंतचे दिवस ती त्या जागेवर पहारा देते, दुसऱ्या मादीने तिथे खोदू नये म्हणून. मेसेजमधल्या गोष्टीला खरी म्हणावी अशी एवढीच जागा. पिल्लं हिवाळा संपता संपता गोट्यांखाली बाहेर येतात, पोटाशी बलकाची पिशवी घेऊनच. तिच्यावर त्यांचे पहिले आठवडे निघतात. आईचं स्नायूंतलं मांस त्यांना मिळालं हे एका अर्थी बरोबरच आहे, पण ते बलकाच्या रूपात, जन्माच्या आधी. मेलेल्या माशांवर अस्वलं, गरुड, पाण्यातले किडे जगतात, आणि समुद्रातून आलेला नायट्रोजन काठावरच्या झाडांतसुद्धा सापडतो.

आपल्याकडे पहिल्या पावसात ओढ्यांतून भातखाचरांकडे चढणारे वलगणीचे मासे कोकणातल्या मुलांनी पाहिलेले असतात. कोल्हापूरकडे त्यांना चढणीचे मासे म्हणतात. तेही अंडी घालायलाच निघालेले असतात. वर्गात तुलनेला ते घ्यावेत, पण एक फरक सांगून : त्यांचा प्रवास छोटा असतो आणि अंडी घातली म्हणून ते मरत नाहीत.

सॉकआयचा हिशोब मात्र एकदाच मांडायचा असतो, म्हणून त्यात थोडीशी गडबडही महागात पडते. फ्रेझरच्या वाटेवर हेल्स गेट नावाची घळ आहे. तिथे अख्खी नदी जेमतेम ३५ मीटर रुंदीतून घुसते. रेल्वेमार्गाच्या कामामुळे १९१४ मध्ये तिथे दरड कोसळली आणि पाण्याचा वेग इतका वाढला की लाखो मासे खालीच अडकले.  शिदोरी संपेपर्यंत एकाच जागी पोहत राहिले. पुढे १९४० च्या दशकात तिथे माशांसाठी खास पायऱ्यांचे मार्ग बांधावे लागले.

आज मोठा अडथळा तापमानाचाही आहे. सॅमनच्या हृदयाचा आतला भाग स्पंजसारखा असतो, आणि अंगातून फिरून परत आलेल्या रक्तात जो प्राणवायू उरला असेल त्यावरच तो भागवतो. पाणी तापलं की स्नायू जास्त प्राणवायू ओढून घेतात, हृदयाचे ठोके वाढतात, आणि नेमक्या त्याच वेळी हृदयाच्या वाट्याला कमी येतो. एका मर्यादेनंतर ठोके वाढू शकत नाहीत. २०११ मध्ये एरिका एलियासन आणि सहकाऱ्यांनी फ्रेझरमधल्या वेगवेगळ्या ठिकाणच्या सॉकआयची तुलना केली, तेव्हा दिसलं की ज्यांची चढण अवघड त्यांचं हृदय मोठं आणि त्याला रक्तपुरवठाही चांगला. चिल्को तळ्याकडे जाणारे, म्हणजे ६०० किलोमीटरहून जास्त पोहून हजार मीटरहून उंच चढणारे मासे त्यात सर्वांत दणकट निघाले. पिढ्यान्‌पिढ्या ज्या तापमानात ती वाट चढली, त्याच्याच मापाचं हृदय प्रत्येक गटाला मिळालंय. आणि फ्रेझरचं उन्हाळ्यातलं तापमान १९५० च्या दशकापासून सुमारे २ अंशांनी वाढलंय. १८-१९ अंशांच्या वर गेलं की बऱ्याच गटांची अडचण सुरू होते. अशा उन्हाळ्यांत वाटेत मरणाऱ्यांत माद्यांचं प्रमाण नरांपेक्षा जास्त असतं. अंड्यांचा खर्च त्यांच्या अंगावर असतो.

ॲडम्सच्या माशांनी यावर पूर्वीपासून एक उपाय काढलेला होता. ते उन्हाळ्याच्या शेवटी नदीच्या मुखाशी येत, पण लगेच आत शिरत नसत. तीन ते सहा आठवडे खाऱ्या पाण्यातच थांबत आणि नदी निवली की चढायला लागत. १९९५ पासून यातले पुष्कळ मासे थांबेनासे झाले. आतले बदल वेळेआधी पूर्ण होतात की समुद्रातच काही बिघडतं, यावर बरंच संशोधन चालू आहे. परिणाम मात्र स्पष्ट दिसतो. लवकर शिरलेल्या माशांना तापलेलं पाणी लागतं, मूत्रपिंडाला ग्रासणाऱ्या परजीवीला वाढायला जास्त दिवस मिळतात, आणि शिदोरी ऑक्टोबरच्या आधीच संपते. काही वर्षी अशांपैकी दहातले नऊ अंडी घालण्याआधीच मेले. काठावर सापडलेल्या त्या माद्यांचं पोट उघडलं की आतली अंडी जशीच्या तशी असतात, लाल, टपोरी, पूर्ण वाढलेली.